मेंदूतले उत्तेजक इम्प्लांट: बाजार आणि गुंतवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूला विजेचे सौम्य झटके देऊन आजार आटोक्यात ठेवणाऱ्या उपकरणांच्या धंद्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, शेवटचे दोन-तीन मुरलेल्यांसाठी. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असे इथे काही मिळणार नाही. पण एखाद्या कंपनीची बातमी वाचताना नजर कुठे ठेवायची, ते कळावे.

१. मेंदूचे उत्तेजक इम्प्लांट म्हणजे नेमके काय? सगळे एकाच प्रकारचे असतात का?

सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, बोलीभाषेत डीबीएस. कवटीला लहानसे भोक पाडून मेंदूच्या खोल केंद्रात बारीक तार सोडतात. ती कातडीखालून मानेतून छातीपर्यंत आणून पेसमेकरसारख्या डबीला जोडतात. कंपवात (पार्किन्सन), हातांचा कंप, डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटण्याचा आजार) आणि काही प्रकारचा अपस्मार (फिट्स) यांत हे वापरले जाते.

दुसरा प्रकार न्यूरोपेस कंपनीच्या आरएनएसचा. यात डबी कवटीच्याच हाडात बसते, मेंदूचे तरंग सतत पाहते आणि फिट येण्याची चिन्हे दिसली की तेवढ्यापुरता झटका देते. तिसरा व्हेगस नर्व्हचा. त्याची तार मानेतल्या नसेला गुंडाळतात, मेंदूत काहीच जात नाही. तरीही बाजाराच्या अहवालांत तो याच रांगेत बसवतात, आणि तिथूनच आकड्यांचा गोंधळ सुरू होतो (प्रश्न ३ पाहा).

२. हे तंत्रज्ञान नवे आहे ना? मग अजून तेजीची सुरुवातच म्हणायची का?

नवे नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलीम-लुई बेनाबीद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूतल्या खोल केंद्राला जलद गतीचे झटके देऊन कंप थांबतो हे दाखवले. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९७ मध्ये कंपासाठी मेडट्रॉनिकच्या उपकरणाला मंजुरी दिली, २००२ मध्ये कंपवाताच्या इतर लक्षणांसाठी आणि २०१८ मध्ये अपस्मारासाठी. म्हणजे पहिल्या मंजुरीपासून पाव शतक उलटून गेले आहे.

या तारखा मुद्दाम दिल्या. एका आजाराच्या मंजुरीपासून दुसऱ्या आजाराच्या मंजुरीपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली. या धंद्याची वाढ होते ती आजारागणिक. प्रत्येक नव्या आजारासाठी नवी चाचणी, नवी मंजुरी आणि विमा कंपन्यांशी नवी वाटाघाट. ‘मेंदूचे तंत्रज्ञान’ म्हणून सरसकट पैसे लावणाऱ्याला हा हिशेब सहसा ठाऊक नसतो.

३. बाजार नक्की किती मोठा आहे? प्रत्येक अहवालात वेगळाच आकडा का दिसतो?

कारण प्रत्येकजण वेगळ्या वस्तू मोजतो. कुणी फक्त डीबीएस धरतो, कुणी त्यात व्हेगस नर्व्ह घालतो, तर कुणी पाठदुखीसाठी मणक्यात बसवायचे स्टिम्युलेटरही घालतो. मणक्याचा धंदा मेंदूच्या धंद्यापेक्षा मोठा असल्यामुळे तो आत आला की आकडा एकदम फुगतो. काही अहवाल तर डोक्यावर बाहेरून धरायच्या चुंबकीय यंत्रांनाही यात गोवतात. ती इम्प्लांट नव्हेतच.

विकत मिळणाऱ्या अहवालांपेक्षा कंपन्यांचे तिमाही निकाल बरे. मेडट्रॉनिकची २०२५ च्या आर्थिक वर्षातली एकूण विक्री ३३.५ अब्ज डॉलर होती. त्यात न्यूरोमॉड्युलेशन विभागाचा वाटा दोन अब्जांच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पाठदुखीचा. बॉस्टन सायंटिफिक आणि अ‍ॅबट यांचे हे विभाग प्रत्येकी एक अब्ज डॉलरच्या आगेमागे, तिथेही पाठदुखीचाच वरचष्मा. एवढे पाहिले तरी ‘पुढच्या दशकात शेकडो अब्ज’ असली भाकिते कितपत मनावर घ्यायची ते ठरवता येते.

४. न्यूरालिंकचे शेअर कुठे मिळतील?

शेअर बाजारात मिळत नाहीत. इलॉन मस्क यांची ही कंपनी खासगी आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिने ६५ कोटी डॉलर उभारले, तेही मोठ्या गुंतवणूकदारांकडून. ‘आयपीओच्या आधी शेअर मिळवून देतो’ असे सांगत कुणी मेसेज पाठवला तर त्याला ब्लॉक करावे, चर्चा करत बसू नये.

शिवाय न्यूरालिंकचे सध्याचे उपकरण मुळात मेंदू *वाचणारे* आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला विचारांनी संगणकाचा कर्सर हलवता यावा, हा त्याचा हेतू. २०२४ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माणसात बसवले आणि काही आठवड्यांत त्याचे बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. मग सॉफ्टवेअरमध्ये बदल करून काम सावरले. दृष्टीसाठी झटके देणारे त्यांचे ब्लाइंडसाइट नावाचे उपकरण आहे. त्याला २०२४ मध्ये एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. या दर्जामुळे एफडीएशी बोलणी लवकर होतात, विक्रीची परवानगी मिळत नाही. बातम्यांत हा फरक नेमका गाळला जातो.

मेंदू वाचणारी उपकरणे बनवणाऱ्या सिंक्रॉन, प्रिसिजन न्यूरोसायन्स या कंपन्याही खासगीच आहेत. प्रिसिजनच्या पातळ इलेक्ट्रोडला २०२५ च्या एप्रिलमध्ये परवानगी मिळाली, पण जास्तीत जास्त ३० दिवस मेंदूवर ठेवण्यापुरती.

५. मग बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्या कोणत्या?

मेडट्रॉनिक, अ‍ॅबट आणि बॉस्टन सायंटिफिक या तिघी डीबीएसमधल्या मोठ्या. अ‍ॅबटकडे हा धंदा सेंट ज्यूड मेडिकलबरोबर आला. तो २५ अब्ज डॉलरचा सौदा २०१७ च्या जानेवारीत पुरा झाला. पण यांचा शेअर घेतला म्हणजे हृदयाच्या झडपा, स्टेंट, मधुमेहाची उपकरणे असे सगळे गाठोडे आले. मेंदूच्या विभागात चमत्कार झाला तरी शेअरच्या भावात तो शोधून काढावा लागेल.

लिव्हानोव्हा व्हेगस नर्व्हच्या धंद्यात आहे, पण हृदयशस्त्रक्रियेची यंत्रेही विकते. या क्षेत्राच्या सर्वांत जवळची नोंदणीकृत कंपनी न्यूरोपेस. तिचा आयपीओ २०२१ च्या एप्रिलमध्ये १७ डॉलरने आला आणि २०२२ च्या अखेरीस भाव दोन डॉलरच्या खाली होता. विक्री मात्र वाढत गेली: २०२३ मध्ये साडेसहा कोटी डॉलर, २०२४ मध्ये आठ कोटींच्या जवळपास. तोटा तरीही चालूच. चीनमधल्या पिन्स आणि सीनरे या कंपन्या स्वस्त उपकरणे बनवतात आणि दराच्या स्पर्धेत पाश्चात्त्य कंपन्यांना जड जाऊ शकतात.

६. जगात रुग्ण कोट्यवधी आहेत. मग विक्री इतकी कमी कशी?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये कंपवाताचे ८५ लाखांहून जास्त रुग्ण होते, अपस्माराचे सुमारे पाच कोटी. अपस्मारात साधारण एक तृतीयांश लोकांना औषध पुरेसे लागू पडत नाही. सादरीकरणात हे आकडे एकमेकांना गुणून मोठी बाजारपेठ दाखवतात. प्रत्यक्षात अडतो तो गुणाकार नव्हे, दवाखान्यातला वेळ.

ऑपरेशन झाल्यावर खरे काम सुरू होते. रुग्ण आदल्या रात्रीपासून औषध न घेता येतो. न्यूरॉलॉजिस्ट तारेच्या टोकावरचे संपर्कबिंदू एकेक करून चालू करतो. गती बहुतेक वेळा सेकंदाला १३० स्पंदने, प्रत्येक स्पंदन ६० मायक्रोसेकंदांचे, आणि करंट मिलिअँपिअरच्या अंशांनी वाढवत न्यायचा. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला बोटे आपटायला, मूठ उघडझाप करायला, कागदावर गोल गोल चक्री काढायला सांगायचे. कंप थांबला म्हणून करंट आणखी वाढवावा तर जीभ जड होते, तोंडाचा कोपरा ओढला जातो. मग परत मागे. असे सगळे बिंदू तपासायला तासच्या तास जातात, आणि पुढच्या काही महिन्यांत हेच पुन्हा करावे लागते. हे काम येणारे डॉक्टर मोजके. त्यांना या तासांचे मिळणारे मानधनही बेताचे.

अपस्माराचेही तेच. न्यूरोपेसचे उपकरण मुख्यत्वे ज्या सर्वोच्च श्रेणीच्या अपस्मार केंद्रांत बसते, ती अमेरिकेत दोनशेच्या आसपास आहेत. शिवाय रुग्णाला डोके उघडण्याची भीती वाटते, आणि घरचा न्यूरॉलॉजिस्ट ‘अजून एक गोळी वाढवून बघू’ म्हणतो. म्हणून एखाद्या कंपनीने बिंदू निवडायचे काम सॉफ्टवेअरने अर्ध्या वेळात आणल्याची बातमी मला नव्या इलेक्ट्रोडच्या बातमीपेक्षा मोलाची वाटते.

७. कमाई पहिल्या ऑपरेशनवर होते की बॅटरी बदलण्यावर?

दोन्हींवर. साध्या बॅटरीची डबी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि तारा त्याच राहतात. त्यामुळे बदली डबी बहुधा त्याच कंपनीची घेतली जाते. दुसऱ्या कंपनीची डबी जुळवायला अ‍ॅडॅप्टर असतात, पण सर्जन सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. एकदा बसवलेला रुग्ण वर्षानुवर्षे कंपनीचा ग्राहक राहतो.

याची उलट बाजूही आहे. चार्ज करता येणारी डबी पंधरा वर्षे चालते. रुग्णाच्या दृष्टीने उत्तम, कंपनीच्या दृष्टीने तीन बदल्या बुडाल्या. न्यूरोपेसने २०१८ मध्ये जास्त टिकणारी बॅटरी आणली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत बदलीची विक्री घटत गेली आणि सगळी भिस्त नव्या रुग्णांवर आली. विक्रीचा आकडा वाचताना त्यात नवे रुग्ण किती आणि बदल्या किती, हे आधी विचारावे.

८. एफडीएची मंजुरी मिळाली की विक्री सुरू, असेच ना?

नाही. पैसे कोण भरणार ते ठरल्याशिवाय मंजुरीचा कागद नुसता कागद राहतो.

व्हेगस नर्व्हचे उदाहरण पाहा. सायबेरॉनिक्स कंपनीला औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी २००५ मध्ये मंजुरी मिळाली. २००७ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने, खर्च द्यायला नकार दिला. खासगी विमा कंपन्यांनीही तीच वाट धरली. मंजुरी शाबूत, विक्री जवळपास ठप्प. सायबेरॉनिक्स २०१५ मध्ये सोरिनमध्ये विलीन होऊन लिव्हानोव्हा झाली. २०१९ मध्ये मेडिकेअरने अटीवर दार किलकिले केले: मान्यताप्राप्त अभ्यासात भाग घेणाऱ्या रुग्णाचाच खर्च देणार. त्यातून सुमारे पाचशे रुग्णांची रिकव्हर चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निकाल आले तेव्हा मुख्य निकष हुकला होता, काही दुय्यम निकष मात्र बाजूने होते. अशा निकालाचे काय करायचे, ते प्रश्न १३ मध्ये.

याउलट कंपवाताच्या डीबीएसला मेडिकेअरने २००३ मध्येच खर्च मान्य केला. आज डीबीएसचा धंदा मुख्यत्वे कंपवात आणि कंप यांवर का उभा आहे, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

९. स्वतः जुळवून घेणारे डीबीएस आल्याने चित्र पालटेल का?

थोडेफार. मेडट्रॉनिकचे पर्सेप्ट हे उपकरण २०२० पासून तारेतूनच मेंदूचे तरंग टिपते. त्या तरंगांनुसार झटका आपोआप कमी-जास्त करण्याच्या सोयीला युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे २०२५ च्या सुरुवातीला परवानगी मिळाली. रुग्णाच्या अंगात ज्या डब्या आधीच बसल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच सॉफ्टवेअरनेच अद्ययावत होऊ शकतात, ही त्यातली धोरणी चाल. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांकडून काही वाटा खेचला जाईल असे वाटते. एकूण रुग्णसंख्या वाढेल का, हे मात्र प्रोग्रॅमिंगचा वेळ वाचतो की उलट वाढतो यावर ठरेल.

१०. अल्ट्रासाउंडने डोके न उघडता कंप थांबतो म्हणे. मग इम्प्लांट कोण घेणार?

स्पर्धा खरी आहे. इन्साइटेक कंपनीच्या यंत्राला २०१६ मध्ये कंपासाठी मंजुरी मिळाली. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून थॅलॅमसचा कणभर भाग जाळून टाकतात. चीर नाही, बॅटरी नाही, पुन्हा पुन्हा येणे नाही. पण जाळलेले परत आणता येत नाही, आणि आजार वाढला तर डीबीएसमध्ये जसा करंट वाढवता येतो तशी सोय यात नाही. वयस्कर, एका हाताच्या कंपाने त्रासलेला रुग्ण तिकडे वळेल. तरुण वयात कंपवात झालेला बहुधा वळणार नाही.

११. लहान कंपनीचा शेअर एका दिवसात का कोसळतो?

कारण तिच्याकडे एकच उपकरण, एकच आजार आणि एकच मोठी चाचणी असते.

सिअ‍ॅटलची नॉर्थस्टार न्यूरोसायन्स २००६ मध्ये बाजारात आली. पक्षाघातानंतर दुबळ्या झालेल्या हाताला व्यायाम द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला झटके द्यायचे, अशी तिची कल्पना. आधीच्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. २००८ च्या जानेवारीत मोठ्या चाचणीचा निकाल आला. इम्प्लांटवाल्या गटात सुधारलेले रुग्ण तीस टक्क्यांच्या आसपास, आणि नुसता व्यायाम केलेल्या गटातही जवळपास तेवढेच. झटक्यांचे श्रेय व्यायामाने नेले. शेअर त्या दिवशी कोसळला. पुढच्या वर्षी कंपनीच गुंडाळून उरलेली रोकड भागधारकांना वाटली गेली. निदान तेवढी शुद्ध तिने दाखवली. अनेक कंपन्या उरलेले पैसे दुसऱ्या आजारावर लावून संपवतात.

कंपनी मोठी असेल तर असाच निकाल तिमाही अहवालाच्या एका ओळीत जिरून जातो.

१२. कंपनी बुडाली तर डोक्यातल्या उपकरणाचे काय? गुंतवणूकदाराने त्याची फिकीर का करावी?

उपकरण अंगातच राहते. बॅटरी, सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि दुरुस्ती मात्र थांबते. क्लस्टर डोकेदुखीसाठी गालामागे बसवायचे इम्प्लांट बनवणारी ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज २०१९ मध्ये बंद पडली. रुग्णांच्या हाती राहिला तो आधार नसलेला रिमोट. तंत्र पुढे दुसऱ्या कंपनीने घेतले. सेकंड साइट ही कृत्रिम दृष्टीची कंपनी २०२० मध्ये डबघाईला आली, तोवर तिचे डोळ्यातले आर्गस साडेतीनशेहून जास्त लोकांनी बसवून घेतले होते. मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर बसणारे ओरायन चाचणीत होते. २०२२ मध्ये ती एका औषध-इम्प्लांट कंपनीत विलीन झाली.

गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तर ही न लिहिलेली देणी आहेत. बसवलेल्या प्रत्येक उपकरणामागे पंधरा-वीस वर्षांच्या सेवेचा शब्द असतो, आणि ताळेबंदात तो सहसा कुठे दिसत नाही. रुग्णालयेही शहाणी झाली आहेत. ‘तुमची कंपनी दहा वर्षांनी असेल का?’ हा प्रश्न आता खरेदीच्या बैठकीत विचारला जातो, आणि तिथे लहान कंपनी मोठ्यांपुढे मार खाते.

१३. मानवतावादी सवलतीत मंजुरी मिळाली, किंवा चाचणी नापास होऊनही रुग्ण सुधारले. अशा बातम्या चांगल्या म्हणायच्या की वाईट?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, गल्लत मात्र नेहमी होते.

पहिली सवलतीची. अमेरिकेत वर्षाला आठ हजारांपर्यंतच रुग्ण असलेल्या आजारासाठी कंपनीला उपकरण सुरक्षित आहे आणि त्याचा उपयोग संभवतो, एवढेच दाखवावे लागते. परिणामकारकता पूर्ण सिद्ध करावी लागत नाही. त्या बदल्यात नफ्यावर सहसा बंधन असते आणि रुग्णालयाच्या नैतिक समितीची संमती लागते. डिस्टोनियासाठी २००३ मध्ये आणि तीव्र ओसीडीसाठी (मनात तेच तेच विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकारासाठी) २००९ मध्ये डीबीएसला अशीच परवानगी मिळाली. रुग्णांसाठी चांगली बातमी, विक्रीच्या तक्त्यात जवळपास शून्य.

दुसरी गोष्ट अवघड. सेंट ज्यूडने नैराश्यासाठी ब्रॉडन नावाची चाचणी घेतली. ९० रुग्णांना इम्प्लांट बसवले, काहींचे चालू ठेवले, काहींचे बंद. सहा महिन्यांनी चालू गटातले २० टक्के सुधारले, बंद गटातले १७ टक्के. फरक नगण्य. चाचणी अर्ध्यावर थांबवली. पण नंतर सगळ्यांचे चालू ठेवून पाहिले तेव्हा दोन वर्षांनी जवळपास निम्मे सुधारलेले होते. समर्थक म्हणतात, मेंदूला वळायला वेळ लागतो, सहा महिन्यांचा निकषच चुकला. टीकाकार म्हणतात, तुलनेचा गट उरला नाही, मग त्या निम्म्यांचे श्रेय कुणाला?

गुंतवणुकीपुरते माझे मत टीकाकारांकडे झुकते. विमा कंपनी दोन वर्षांचा, तुलनेचा गट नसलेला निकाल पाहून पैसे देत नाही. पण तेवढ्यावर दार बंद झाले असेही नाही. ब्रॉडनचा तो अनुभव पदरी असताना अ‍ॅबटने २०२२ मध्ये याच उपयोगासाठी ब्रेकथ्रू दर्जा मिळवला आणि २०२४ मध्ये नव्या आराखड्याची ट्रान्सेंड चाचणी सुरू केली. तिचा निकाल येईल तेव्हा मथळ्याआधी दोनच गोष्टी पाहा: मुख्य निकष कितव्या महिन्याला मोजला, आणि तोवर बंद गट खरोखर बंदच होता का.